ई-रीडर घेण्यापूर्वी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला आज एका विशिष्ट कामासाठी बोलाविले आहे. दहावी-बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींना संस्था दरवर्षी बक्षीस देते. कधी दप्तर, कधी शब्दकोश, कधी भिंतीवरचे घड्याळ. यंदा एका देणगीदार गृहस्थांनी सुचविले की, काळ बदलला आहे, तेव्हा मुलांना ई-रीडर द्यावेत. सूचना अत्यंत चांगल्या हेतूने आलेली आहे. परंतु कोणता घ्यावा, असा प्रश्न निघताच जितकी तोंडे तितकी मते झाली. मी शाळेत वीस वर्षे ग्रंथालयाचे कपाट सांभाळले असल्यामुळे हा विषय अखेर माझ्याकडे आला. मी तंत्रज्ञ नाही. एक यंत्र घेतले, त्यात चुकलो आणि त्या चुकीतून जे शिकलो तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा प्रश्न आपल्यासाठी का महत्त्वाचा आहे, ते प्रथम सांगतो. वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीतून अकरावीला भोरला येणारी एक मुलगी माझ्या परिचयाची आहे. वाचनाची तिला मनापासून आवड. एक चांगली मराठी कादंबरी मी तिला घरच्या मोबाइलवर उतरवून दिली. पंधरा दिवसांनी विचारले, "बेटी, वाचून झाली का?" ती म्हणाली, "सर, किताब मोबाइल में है, और मोबाइल भाई के पास है." भाऊ शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जातो. फोन त्याच्या खिशात असणे रास्तच आहे. घरात कोणी वाईट नाही, कोणी तिच्या शिक्षणाच्या आड येत नाही. तरीही पुस्तक तिच्या हाती लागले नाही. मित्रहो, आपल्या किती घरांत हीच परिस्थिती आहे, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. फोन एक, तो कमावत्याच्या हाती, आणि मुलीचा नंबर सर्वांत शेवटी.

म्हणून केवळ वाचनाचेच काम करणारी एखादी वस्तू घरात असावी, हा विचार मला पटतो. पण ती वस्तू नेमकी काय आहे, हे समजून घेतले नाही तर पैसा वाया जाईल.

पुष्कळांची समजूत अशी की, ई-रीडर म्हणजे लहान टॅब्लेट. तसे ते नाही. मोबाइलच्या किंवा टॅब्लेटच्या पडद्यातून प्रकाश आपल्या डोळ्यांकडे येतो. ई-रीडरच्या पडद्यावर ई-शाई असते. त्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक लक्षावधी कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युत्‌भार, काळ्यांवर त्याच्या उलट. यंत्राने खालून विजेचा इशारा दिला की जिथे अक्षर हवे तिथे काळे कण वर येतात, बाकीच्या जागी पांढरे. एकदा कण जागेवर बसले की ते धरून ठेवण्यास वीज लागत नाही. वीज मुख्यतः पान उलटताना खर्च होते. म्हणूनच एकदा भारित केलेली बॅटरी बेताच्या वाचनात काही आठवडे पुरते. आणि अक्षर छापील कागदासारखे बाहेरच्या उजेडावर दिसत असल्याने भर उन्हात, ओसरीवर किंवा एस.टी.च्या खिडकीशी बसूनही ते स्पष्ट वाचता येते.

ही शाई अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधनातून निघाली आणि १९९७ साली तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली. २००४ मध्ये सोनी कंपनीने जपानमध्ये या शाईचा पहिला ई-रीडर विक्रीस आणला. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचा किंडल आला आणि हा प्रकार जगभर पसरला. मराठी पुस्तके किंडलच्या दुकानात रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे इंग्रजी वाचकाला जे २००७ साली मिळाले, त्यासाठी मराठी वाचकाला आणखी नऊ वर्षे वाट पाहावी लागली.

आता या यंत्राच्या उणिवा. यावर चित्रफीत नीट चालत नाही, कारण कण सरकायला वेळ लागतो. पान बदलताना पडदा क्षणभर काळा-पांढरा होतो. बहुतेक यंत्रे केवळ काळ्या-पांढऱ्या रंगात दाखवितात. रंगीत ई-शाईची यंत्रे निघाली आहेत, परंतु त्यांत रंगांसाठी पडद्यावर एक जादा थर असतो, त्यामुळे रंग फिके आणि पार्श्वभूमी थोडी मळकट दिसते. ज्याला ऑनलाइन वर्ग पाहावयाचे आहेत, त्याने ई-रीडर घेऊ नये. हे यंत्र वाचण्याखेरीज फारसे काही करीत नाही. मला विचाराल तर हाच त्याचा मोठा गुण आहे.

माझी चूक अशी झाली. निवृत्तीनंतर मी पुण्यास गेलो आणि एका दुकानातून सहा इंची पडद्याचा ई-रीडर घेऊन आलो. दुकानदाराने इंग्रजी पुस्तक उघडून दाखविले, अक्षर मोत्यासारखे दिसले, मी खूश झालो. घरी येऊन माझ्याजवळचे एक जुने मराठी पुस्तक त्यात घातले, तर 'वाऱ्यावर' या शब्दातील 'ऱ्या' फुटून तीन तुकडे झालेले. मग वडिलांच्या संग्रहातील एका उर्दू पुस्तकाची छायाप्रत घातली, तर एकेक ओळ मुंगीएवढी. मोठी करावी तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर. दोष यंत्राचा थोडा, माझा जास्त. माझ्या घरात कोणती पुस्तके वाचली जातात, हा विचार न करता मी वस्तू घेतली होती. आधी पुस्तक ठरवावे, मग यंत्र. आजच्या भाषणातले एवढे एक वाक्य जरी आपण घरी नेले, तरी माझे काम झाले.

तर यंत्र घेण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न: आपली पुस्तके कोणत्या रूपात मिळतात? ई-पुस्तकांचे मुख्य प्रकार दोन. एकात अक्षरे मोकळी असतात. त्याला इपब म्हणतात. पडदा लहान असो वा मोठा, ओळी आपोआप जुळतात आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. दुसरा प्रकार पीडीएफ. त्यात छापील पानाची मांडणी जशीच्या तशी बांधलेली असते. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ तर निव्वळ पानांची छायाचित्रेच असतात. तेथे अक्षर मोठे करणे म्हणजे सबंध पान मोठे करणे.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि तो पहिल्याशी जोडलेला आहे. सहा इंची पडदा म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. कार्यालयात वापरतो तो ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. तेवढे पान या पडद्यावर बसविले तर अक्षर निम्म्याहूनही लहान होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ही फार मोठी सोय आहे. परंतु ती मोठ्या पानांची आणि रंगीत आहेत. नकाशातले रंग आणि विज्ञानाच्या आकृत्या लहान काळ्या-पांढऱ्या पडद्यावर कळणार नाहीत. दहा इंची यंत्रावर तेच पान सुमारे पाऊणपट दिसते आणि वाचता येते. पण ते यंत्र बरेच महाग पडते. म्हणून पाठ्यपुस्तकासाठी कोणी सहा इंची ई-रीडर घेत असेल, तर मी त्याला थांबवीन. पाठ्यपुस्तक छापीलच बरे. लहान यंत्र हे कथा, कादंबरी, चरित्र, निबंध अशा सलग वाचनासाठी आहे.

येथेच उर्दूविषयी बोलले पाहिजे. आपल्या बहुतेक घरांत बोली दखनी, शाळा मराठी आणि वडीलधाऱ्यांची कपाटे उर्दू अशी त्रिवेणी आहे. उर्दू ज्या नस्तालिक वळणात लिहितात, त्यात शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत येतो आणि प्रत्येक अक्षराचा आकार शेजाऱ्याप्रमाणे बदलतो. खिळ्यांच्या छपाईत हे वळण बसविणे फार अवघड गेले. त्यामुळे उर्दू पुस्तके दीर्घकाळ कातिबाने हाताने लिहावयाची आणि शिळाप्रेसवर छापावयाची, असेच चालले. मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेले 'नूरी नस्तालिक' हे संगणकीय वळण १९८१ साली वापरात आले, तेव्हा कोठे ही अडचण सुटू लागली. म्हणजे आपल्या आजोबा-वडिलांच्या काळची उर्दू पुस्तके बहुतांशी हस्तलिखिताचेच छाप आहेत. ती ई-पुस्तक होतात ती छायाचित्रांच्या रूपात. 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर हजारो उर्दू पुस्तके वाचावयास ठेवली आहेत, हा खजिनाच आहे. पण ती तेथेच, इंटरनेट चालू ठेवून वाचावी लागतात. साध्या ई-रीडरवर उतरवून घेता येत नाहीत. तेव्हा ज्या घरात मुख्यतः उर्दू वाचली जाते, त्या घराने लहान ई-रीडरचा मोह टाळावा. संगणक किंवा मोठ्या पडद्याचा टॅब्लेट त्यांना अधिक उपयोगी पडेल.

मराठीची स्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी दुकानातच परीक्षा घ्यावी. आपले एखादे मराठी पुस्तक सोबत न्यावे आणि त्यात 'कुऱ्हाड', 'तऱ्हा', 'ऱ्हस्व', 'ज्ञान', 'श्रद्धा', 'बॅट' असे शब्द शोधून पाहावेत. अक्षरे फुटत नसतील तरच पुढे बोलावे. अक्षर वाढविण्याची सोय मराठी पुस्तकात चालते का, तेही पाहावे. ही सोय केवळ मुलांच्या कामाची नाही. आपल्या घरातील दादी-नानींना चष्मा लावूनही बारीक टाइप दिसत नाही. त्यांना अक्षर चौपट मोठे करून दिले तर त्या पुन्हा वाचू लागतील.

तिसरा प्रश्न मालकीचा. छापील पुस्तक घेतले की ते आपले. भावाने वाचले, शेजाऱ्याने नेले, पुढच्या वर्षी धाकट्याला दिले, कोणी विचारणार नाही. विकतच्या ई-पुस्तकाचे तसे नाही. आपण पुस्तक घेत नाही, ते वाचण्याची परवानगी घेतो आणि ती परवानगी आपल्या खात्याशी बांधलेली असते. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दूरूनच काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. परंतु विकलेले पुस्तक घरातून परत जाऊ शकते, हे जगाला कळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कंपनीने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय बंद केली. आता अशी बहुतेक पुस्तके वाय-फायवरूनच घ्यावी लागतात. डोंगरातल्या ज्या वाड्यांत फोनसुद्धा टेकडीवर जाऊन लावावा लागतो, त्यांनी याचा विचार करावा. जे यंत्र संगणकावरची साधी इपब फाइल तारेने सरळ स्वीकारते आणि उघडते, ते आपल्या भागात अधिक सोयीचे.

मग मोफत पुस्तके कोठून आणावीत? चोरून फिरणाऱ्या प्रतींना हात लावू नये. लेखकाची मेहनत म्हणजे त्याची कमाई आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा 'श्यामची आई' कधीच खुली झाली आहे. महात्मा फुले यांचे मूळ लेखन खुले आहे. उर्दूत प्रेमचंद १९३६ मध्ये, मंटो १९५५ मध्ये वारले. त्यांचेही मूळ लेखन आज खुले आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथ संगणकावर आणले आहेत. 'ई साहित्य प्रतिष्ठान' लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य देते. इंग्रजीसाठी १९७१ साली सुरू झालेले 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' आहे. एका होतकरू विद्यार्थ्याला कित्येक वर्षे पुरेल एवढे वाचन यांत आहे.

चौथा प्रश्न: हे यंत्र आपल्या हवेत आणि आपल्या दप्तरात टिकेल काय? भाटघरच्या वर गेले की पाऊस कसा असतो, ते मी आपणांस सांगावयास नको. काही यंत्रांवर 'आयपीएक्स ८' अशी खूण असते, ती पाण्यापासून संरक्षणाची आहे. स्वस्त यंत्रांत बहुधा ती नसते. येथे दोन पैसे जास्त द्यावेत. पडद्याच्या आत काचेचा पातळ पत्रा असतो. दप्तरात डब्याखाली दबला तर तडकतो, आणि पडदा बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो. म्हणून कडक आवरण यंत्रासोबतच घ्यावे. अंधारात वाचण्यासाठी समोरून पडणारा दिवा आहे ना, हे पाहावे. वीज गेलेल्या रात्री त्याची किंमत कळते. पडद्याच्या एका इंचात ३०० ठिपके असावेत, त्याहून कमी असल्यास बारीक काने-मात्रे पुसट दिसतात. साठवण मात्र कितीही कमी असली तरी चालते. निव्वळ मजकुराची हजारो पुस्तके १६ जीबीत मावतात. जास्त साठवणीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. आणि दुरुस्तीची सोय पुण्यात आहे की नाही, हे विकत घेण्याच्या आधी विचारावे.

एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. इंग्रजी पुस्तकात अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरले की त्याचा अर्थ तेथेच दिसतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकाची भीती वाटते ती दर ओळीला शब्दकोश उघडावा लागतो म्हणून. ती भीती कमी करणारे याच्याइतके सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संस्थेने ई-रीडर बक्षीस द्यावेत काय? देणगीदारांची क्षमा मागून माझे मत स्पष्ट सांगतो. बक्षीस म्हणून देऊ नयेत. पहिला आलेला मुलगा बहुधा अशा घरातला असतो, जेथे अभ्यासाला जागा आहे, फोन आहे, विचारणारे कोणी आहे. त्याचे कौतुक जरूर करा, त्याला शब्दकोश द्या. पण ज्या मुलीचे पुस्तक भावाच्या खिशात आहे, तिचा नंबर गुणांच्या यादीत कदाचित कधीच वर येणार नाही, कारण तिला वाचावयासच मिळत नाही. बक्षीस तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

माझी सूचना अशी आहे. त्याच रकमेतून संस्थेने आपल्या वाचनालयासाठी सहा-सात इंची काही यंत्रे आणि उर्दू व संदर्भग्रंथांसाठी दहा इंची एक यंत्र घ्यावे. मोठे यंत्र वाचनालयातच राहील. लहान यंत्रे छापील पुस्तकाप्रमाणे वहीत नोंद करून तीन आठवड्यांसाठी घरी द्यावीत. त्यांत केवळ खुली झालेली किंवा लेखकांनी स्वतः मोफत दिलेली पुस्तके भरावीत, म्हणजे कोणाच्या हक्काचा प्रश्न येणार नाही. नवी पुस्तके छापीलच घ्यावीत. आणि पहिला हक्क कोणाचा? ज्याच्याजवळ स्वतःचा फोन नाही त्याचा. दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलींना वाचनालयाचे सभासदत्व चालू ठेवू द्यावे, वर्गणी घेऊ नये. यंत्र तुटले तर पालकाकडून भरपाई मागू नये. तुटण्याच्या भीतीने लोक ते नेणारच नाहीत आणि यंत्रे कपाटात कुलूपबंद राहतील. कपाटातील कुलूपबंद पुस्तके मी वीस वर्षे पाहिली आहेत. त्यांना वाळवी लागते, वाचक लागत नाही.

पालकांना एकच विनंती. यंत्र घरी आल्यावर ते "जपून ठेव" म्हणून फडताळात ठेवू नका. संध्याकाळी अर्धा तास ते मुलीच्या हाती द्या, आणि त्या अर्ध्या तासात तिला चहा ठेवावयास सांगू नका.

वरंध घाटापलीकडे नव्हे, येथून फार दूर नसलेल्या पाचगणीजवळ भिलार नावाचे गाव आहे. मे २०१७ मध्ये तेथे पुस्तकांचे गाव सुरू झाले. गावकऱ्यांनी स्वतःच्या घरांत पुस्तके ठेवण्यास जागा दिली आणि येणाऱ्याला दार उघडे ठेवले. तेथे यंत्र नव्हते, पुस्तके सरकारने दिली, पण दार गावकऱ्यांनी उघडले. यंत्र कोणते घ्यावे, हे मी आपल्याला सांगितले. दार उघडणे मात्र आपल्याच हाती आहे.